एकशे एकवीस मायक्रॉन

कुंदा, तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि तुझे डोळे अजून घरात आहेत.

कपाटात, वरच्या खणात, निळ्या फायलीत. सहा वर्षांत नऊ तपासण्या, दर वेळी दोन डोळे, म्हणजे अठरा चित्रं. तुझ्या चेहऱ्याचे या सहा वर्षांतले फोटो शोधले तर चारच निघाले. हातात काठी आल्यापासून तू फोटोला बसायचं बंद केलं होतंस. तेरवीला ठेवायला जुनाच फोटो मोठा करून आणावा लागला. डोळ्यांच्या आतले मात्र अठरा. नारिंगी गोल, त्यात एका बाजूला फिकट पिवळा ठिपका आणि तिथून फुटणाऱ्या बारीक लाल शिरा. मी भूतबीत मानत नाही, हे तुला माहीत आहे. तरी परवापासून ते कपाट उघडण्याआधी मी दारावर बोटानं दोनदा वाजवते. कोणी आत असलं तर त्याला कळावं म्हणून वाजवतात, तसं.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तीन वर्षं राहिली. त्यासाठीच लिहायला बसले, पण मला क्रमानं सांगितल्याशिवाय जमत नाही.

सुरुवात तुझ्या रिळापासून झाली. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तू सतरा वर्षांची नणंद होतीस, आणि पुढच्या खोलीत तुझं फॉल-पिकोचं मशीन माझ्या आधीपासून होतं. मी ऑफिसात जायची, तू मशीनवर बसून माझी मुलगी सांभाळायचीस. माझ्याकडे आज चौतीस साड्या आहेत. चौतीसही साड्यांचा फॉल तुझ्या हातचा. उलट्या बाजूनं टाका शोधावा लागतो, इतका बारीक.

त्या दिवशी तू सुई ओवत होतीस. सुई ओवताना तू एक डोळा मिटायचीस. मी ऑफिसातून येऊन चप्पल काढतच होते.

“वैनी, हे रीळ पाय बरं. लाल आहे का विटकरी?”

“लालच आहे.”

“उजव्यानं पाह्यलं तर लाल. डाव्यानं पाह्यलं तर विटकरी दिसून राह्यलं.”

“झोप नीट झाली नसन तुही.”

“झोप काय एकाच डोळ्याची राहते का वं?”

मी हसले. तू हसली नाहीस. आठ दिवसांनी डाव्या डोळ्यासमोर धूर आला आणि आपण गोंदियाला गेलो, तिथून नागपूरला, तिथे डोक्याचा एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढलं, आणि मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी कागदावर नाव लिहून दिलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. शेजारी विचारायला आले की तू सांगायचीस, “आमच्या घरी वैनी बीएस्सी, दादा बीकॉम. मी न शिकता एमएस झाली.”

डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं ते मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. शरीराचंच संरक्षण चुकून मेंदूतल्या तारांवरचं वेष्टन खातं. मेंदू उघडून तारा मोजता येत नाहीत. पण डोळ्याच्या मागचा पडदा मेंदूचाच भाग आहे, आणि त्या पडद्यावर तारांना वेष्टन नसतं, नुसत्या तारा असतात. त्यामुळे त्या थराची जाडी मोजली की किती तारा उरल्या याचा अंदाज येतो. नुसता प्रकाश टाकून मोजतात, सुई नाही, दुखत नाही. जाडी मायक्रॉनमध्ये येते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

मिलिमीटर ऐकलं आणि मला बरं वाटलं, हे आज कबूल करते. अख्खी नोकरी माझी मिलिमीटरमध्ये गेली. आपल्या बालाघाट जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांचे आकडे रोज सकाळी माझ्या टेबलावर येतात. मी ते तपासून संगणकावर चढवते आणि भोपाळला पाठवते. तुझा आजार मला कळत नव्हता, पण आकडा कळत होता. मी बाजारातून एक लांब रजिस्टर विकत आणलं, ऑफिसचं नाही, आणि रकाने आखले. दिनांक, उजवा, डावा, मागच्यापेक्षा फरक, शेरा.

पहिली नोंद: उजवा सत्त्याण्णव, डावा एकाहत्तर. डाव्यातल्या बऱ्याच तारा गेल्या होत्या. उजवा शाबूत होता. डॉक्टर म्हणाले, “आकडा कमी होत गेला तर वाईट.” मी ते अधोरेखित केलं.

गोंदियाच्या त्या मशीनवर तुझी हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. तो तंत्रज्ञ सांगायचा, “हरे निशान पर देखिए, पलक मत झपकाइए.” तू एकदा त्याला म्हणालीस, “भैया, सगाई के बखत भी लड़केवालों ने इतना नहीं देखा था.” तो इतका हसला की ती तपासणी पुन्हा करावी लागली. तुझी सोयरीक मोडली होती, त्यावर तू असा विनोद करू शकत होतीस. आम्ही घरातले करू शकत नव्हतो.

आणि माझ्यावर तर तुझा एक ठरलेला टोमणा होता. कोणी विचारलं, कुठं निघाल्या ननंद-भावजया, की तू म्हणायचीस, “वैनीले माह्या पडद्याचं माप घ्याचं आहे. सहा-सहा महिन्यानं माप घेते, शिवून काही देत नाही.”

मी तोवर रजिस्टर पिशवीत घालत असायची.

तीन वर्षं उजवा डोळा हळूहळू उतरत होता. सत्त्याण्णव, शहाण्णव, पंचाण्णव, चौऱ्याण्णव. औषध चालू होतं. पाय जड व्हायला लागले होते. मग तो पावसाळा आला. श्रावणात तू सांगितलंस की उजवा डोळा फिरवला की दुखतो, आणि रंग “धुतल्यासारखे” दिसतात. तपासणीची वेळ आलीच होती. सोमवारी आपण गोंदियाला गेलो. तिथले डोळ्यांचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते, तंत्रज्ञानं तपासणी करून कागद हातात दिला. नागपूरच्या डॉक्टरांची भेट त्याच गुरुवारची होती.

मी कागद तिथेच, बाकावर बसून पाहिला. उजवा: एकशे एकवीस.

चौऱ्याण्णववरून एकशे एकवीस. सत्तावीसनं वाढ. मी पुन्हा वाचला, नाव तुझंच आहे ना ते पाहिलं, तारीख पाहिली. मग मी स्टेशनसमोरून पाव किलो पेढे घेतले. बालाघाटच्या गाडीत तुझ्या हातावर पेढा ठेवला.

“काय झालं वैनी?”

“आकडा वाढला.”

“मले तं कमी दिसून राह्यलं.”

“दिसणं मागून येईन. कागदावर वाढलं आहे.”

तू पेढा खाल्लास. खिडकीकडे पाहत खाल्लास. माझ्या आकड्यांवर तुझा विश्वास नव्हता, पण माझ्या आनंदाचा मान ठेवायची तुला सवय होती.

आता ती गोष्ट.

मंगळवारी मी ऑफिसातून नागपूरच्या दवाखान्यात फोन केला. त्या आठवड्यात जिल्ह्यात बैहरकडे मोठ्या पावसाचा अंदाज होता. रोजचा अहवाल मीच पाठवत होते, रजा मिळणार नाही असं मी धरून चालले. अर्ज केलाच नव्हता. आणि खरं सांगायचं तर मी थकले होते. पहाटे उठून तुला गाडीत चढवायचं, उतरवायचं, दवाखान्यात चार तास बसायचं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चांगला आकडा आला होता आणि मला तो काही दिवस तसाच घरात हवा होता. फोनवरच्या बाईनं विचारलं, काही नवा त्रास? मी म्हणाले, “नाही. तपासणीत सुधारणा आहे. पुढची तारीख चालेल.” डोळा दुखतो हे मी सांगितलं नाही. तिनं बावीस दिवसांनंतरची तारीख दिली.

घरी येऊन तुला मी सांगितलं, “डॉक्टरांनी पुढची तारीख देली. अहवाल चांगला आहे म्हणे.”

तू म्हणालीस, “डॉक्टर म्हणते तं असन.”

आणि मी रजिस्टरमध्ये, एकशे एकवीसच्या पुढे, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: सुधारणा. डॉक्टरांनी भेट पुढे ढकलली.

मी ही ओळ लिहिली, कुंदा. मी. एका केंद्रावरून सलग तीन दिवस चौदा-चौदा मिलिमीटर पाऊस लिहून आला होता, तेव्हा मी तिथल्या माणसाला फोनवर इतकं बोलले होते की माझा आवाज दोन खोल्यांपलीकडे गेला. “पाऊस असा मोजून पडत नसतो. गेला नसशील तर ‘नोंद नाही’ लिही. खोटा आकडा लिहू नको.” घरी येऊन तुला ते सांगितलं तर तू पोट धरून हसलीस आणि आठवडाभर मला “चौदा मिलिमीटर” म्हणून हाक मारलीस.

त्या बावीस दिवसांत भरवेली कॉलनीतून एक बाई मुलीच्या पहिल्या हरतालिकेची साडी फॉलला देऊन गेली. गर्द मरून. तू तिला विटकरी फॉल लावलास, धागाही विटकरी. ती बाई साडी उलगडून दारातच ओरडली, “कुंदाताई, डोळे कुठं ठेवून आल्या? मरूनले हे लावते का कोणी?” तू तिच्या हातातून साडी घेतलीस, बसलीस आणि सगळा फॉल उसवलास. दोन्ही कडांचे टाके, बोटांनी चाचपत. ती बाई समोर उभी. तिचा चेहरा उतरला, ती “राहू द्या ना, राहू द्या” म्हणायला लागली. तू थांबली नाहीस. मी रीळ निवडून द्यायला पुढे आले तर तू मान वर न करता म्हणालीस,

“कागदावर माहा डोळा सुधरून राह्यला ना वैनी? मंग साडीले सांग तसं.”

त्या संध्याकाळी मी तारीख अलीकडे आणू शकले असते. एक फोन. अजून नऊ दिवस बाकी होते. मी फोन हातात घेतला आणि विचार केला, आता काय सांगू? मीच सुधारणा आहे म्हणाले होते. फोन ठेवून दिला.

बाविसाव्या दिवशी नागपूरच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि तो पालथा ठेवला. “हे सुजलं आहे,” ते म्हणाले. “नस सुजली की पडदा जाड दिसतो. ताजा झटका होता हा. सूज उतरल्यावर कळेल खरं किती उरलं.” त्यांनी विचारलं, केव्हापासून दुखतंय? तू उत्तर द्यायच्या आधी मी म्हणाले, “आताआताच.”

तुला पाच दिवस सलाइनमधून औषध दिलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. उजवा: अडुसष्ट.

मी वाढीला चांगलं समजले होते. पाऊस मोजणाऱ्या बाईला वाढ चांगलीच वाटते, निदान पूर येईपर्यंत.

त्यानंतर तुला माणसं दिसायची, दार दिसायचं, पाटीवरची मोठी काळी अक्षरं वाचता यायची. पण फिकटावर फिकट दिसायचं नाही. तांदळात पांढरा खडा दिसायचा नाही. भिंतीला लागलेली पाल दिसायची नाही. सुई ओवता यायची नाही. दिवाळीच्या आधी तू मशीनवर चादर टाकलीस आणि तीन साड्या परत पाठवल्यास. कोणी विचारलं तर म्हणायचीस, “डॉक्टरनं उशीर केला ना.” रागानं नाही, नुसती माहिती म्हणून. मी स्वयंपाकघरात असायची. दर वेळी ऐकायची. एका माणसानं न केलेल्या चुकीचा दोष तू तीन वर्षं त्याच्यावर ठेवून होतीस, आणि त्याच्यासमोर बसलीस की नमस्कार करायचीस.

मी एकदा नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं होतं. तुला बाहेर बसवून, औषधाची चिठ्ठी विसरले म्हणून आत गेले आणि विचारलं, समजा, एखाद्या पेशंटला या झटक्यात तीन आठवडे आधी औषध मिळालं असतं तर? ते म्हणाले, “लवकर बरं वाटलं असतं. शेवटी किती उरलं असतं, यात बहुतेक फार फरक पडत नाही. पण एका माणसाबद्दल विचाराल तर मी तसं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.”

‘बहुतेक’ आणि ‘फार’. हे दोन शब्द घेऊन मी तीन वर्षं राहिले. कोणत्या रकान्यात लिहायचे ते मला कळलं नाही. माझ्या मनासारखा अर्थ घेतला तर मी सुटते. पण ते बावीस दिवस तर तू अंधुकात काढलेच. त्या साडीसमोर तर तू बसलीच होतीस. तिथं ‘बहुतेक’ नाही.

सांगायच्या वेळा आल्या होत्या. गेल्या वर्षी तू पलंगाला खिळलीस, तेव्हा मी रोज दुपारी तुझे केस विंचरायची. एकदा तू आपण होऊन म्हणालीस, “वैनी, तू माप घेत होती ना, ते मले आवडे. कोणीतरी लिहून ठेवून राह्यलं असं वाटे.” माझा कंगवा थांबला. तू विचारलंस, “गुंता आहे का?” मी म्हणाले, हौ, गुंता आहे. मग तुझा खोकला वाढला, घास घशात अडकायला लागला, ताप आला, आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. त्या चार दिवसांत तुझे डोळे उघडेच असायचे. माझ्या बाजूला वळायचे. किती दिसत होतं ते कोणत्याही मशीननं सांगितलं नसतं.

आता घरात मला काय झालं आहे ते सांगते. मी लाल वस्तू एकेक डोळा मिटून पाहते. मिरच्या. गॅसच्या टाकीचं लाल. कुंकवाची डबी. उजव्यानं, मग डाव्यानं. दोन्हीनं सारखंच दिसतं, आणि सारखं दिसलं की मला लाज वाटते. परवा तुझ्या दादांनी मला तसं करताना पाहिलं.

तेरवीनंतर त्यांनी नागपूरला डॉक्टरांना कळवलं. डॉक्टर फोनवर बराच वेळ बोलले. म्हणाले, सहा वर्षं दोन्ही डोळ्यांची अशी ओळीनं ठेवलेली नोंद फार थोड्या घरांत असते. हरकत नसेल तर रजिस्टर आणि कागद द्या, शिकणाऱ्या पोरांना दाखवीन. तुझे दादा फोन ठेवून माझ्याकडे आले, चेहऱ्यावर एकोणीस दिवसांत पहिल्यांदा काहीतरी चांगलं होतं. “तुह्या रजिस्टरची तारीफ केली त्यायनं. उद्या मीच नेऊन देतो.”

मी आज दुपारी ते रजिस्टर काढलं आणि त्या पानावर येऊन थांबले. शिकणारी मुलं ते वाचतील. एकशे एकवीस, सुधारणा, डॉक्टरांनी भेट पुढे ढकलली. त्यांना वाटेल, एका जाणत्या डॉक्टरनं हा आकडा पाहिला आणि तीन आठवडे थांबायला सांगितलं. उद्या त्यांच्यापुढे दुसरी कोणी कुंदा बसेल, डोळा दुखतो म्हणेल, आणि त्यांच्या डोक्यात माझी ओळ असेल.

आमच्या ऑफिसात चुकीची नोंद खोडरबरानं पुसत नाहीत. तिच्यावरून एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर नोंद लिहायची, सही, तारीख. मी तसं केलं. वर लिहिलं: सुधारणा नव्हे, सूज. डोळा दुखत असल्याचे रुग्णाने सांगितले होते. भेट डॉक्टरांनी नव्हे, घरच्यांनी पुढे ढकलली. मग ‘घरच्यांनी’ हेही खोडलं, कारण घरच्यांत तुझे दादाही येतात. ‘मी’ लिहिलं. सही केली.

रजिस्टर उघडंच नेऊन मी त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. त्यांना वाचायला वेळ लागतो, पण इतका लागत नाही. मग त्यांनी त्या रेघेवर अंगठा ठेवला.

“कुंदाले माहीत होतं?”

“नाही.”

“तिनं तं त्या डॉक्टरले...” ते थांबले. चष्मा काढला, पुन्हा लावला. मी म्हणाले, मला बोला, काहीही बोला. मी तुमच्या बहिणीला फसवलं.

“मले काहून सांगतं?” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच मला सहन झालं नाही. “मी का कुंदा आहो? तिले सांग.”

म्हणून हे लिहिलं. इथवर लिहून झाल्यावर मी पुढच्या खोलीत आले. तुझा पलंग उभा करून भिंतीला लावला आहे, त्यामुळे खोली फार मोठी वाटते. कुठे तोंड करून बोलायचं ते ठरेना, म्हणून मधोमध जमिनीवर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, “कुंदा, ते तारीख मीनं बदलवली होती वं. डॉक्टरनं नाही.”

मग एकेक दिवस सांगायला लागले, बावीसच्या बावीस, तुझा कसा गेला आणि माझा कसा गेला. पावसाचे जुने आकडे आज ऑफिसातून उतरवून आणले होते. पहिला दिवस गुरुवार, ठरलेल्या भेटीचा. त्या दिवशी बैहरकडे शून्य, वारासिवनीकडे शून्य, जिल्ह्यात कुठेच पाऊस नव्हता, आणि मी तुला नागपूरला नेऊ शकले असते.